तांबडा गाळ, काळा गाळ

नमस्कार मंडळी. समोर टेबलावर दोन बाटल्या ठेवल्यात, त्यांच्याकडे आधी बघा. दोन्हींत एकाच झऱ्याचं पाणी आहे. डावीकडची काल दुपारी भरली, ती मुद्दाम अर्धीच भरली, म्हणजे आत हवा राहील. उजवीकडची आज पहाटे झऱ्याच्या तोंडाशी पाण्यात बुडवून काठोकाठ भरली आणि पाण्याखालीच बूच लावलं. उजवीकडचं पाणी नितळ दिसतंय. डावीच्या तळाशी मात्र तांबूस साका बसलाय. काल भरताना तीही अशीच नितळ होती.

हा झरा पन्हाळ्याच्या बाजूला एका सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या सपाट माळाच्या, पायथ्याशी आहे, पाणंदीला लागून. पाण्याच्या वाटेवर सगळीकडे नारिंगी, लिबलिबीत गाळ असतो. माझ्या आजोळीही असाच एक झरा होता. आजी ते पाणी चहाला घेऊ द्यायची नाही. म्हणायची, “ह्या पाण्याचा च्या काळा पडतुया.” तिचं निरीक्षण अचूक होतं. चहातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, पाण्यातल्या लोहाशी जुळलं की काळं द्रव्य तयार होतं. हिरड्यात तर टॅनिन चहाहूनही जास्त. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, यांची शाई करायचे, त्या शाईमागे हेच रसायन आहे. झऱ्याच्या पाण्यात लोह आहे का हे बघायचं असेल तर चिमूटभर हिरडापूड टाका आणि थोडा वेळ हलवत राहा. पाणी काळसर निळं होऊ लागलं तर लोह आहे. पन्हाळ्यावरच्या नागझरीच्या पाण्यात लोह असल्याची नोंद तर जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरातही आहे.

हे लोह येतं कुठून? आपल्या पायाखालून. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात वजनाच्या दहाव्या हिश्शाहून थोडं जास्तच लोहाचं ऑक्साइड असतं. लाखो वर्षं पाऊस झेलून त्यातली सिलिका आणि चुना वाहून गेला, लोह आणि अ‍ॅल्युमिनिअम मागे राहिलं, आणि वर जांभ्याची टोपी तयार झाली. मसाईचं पठार आठवा. जांभा जाळीदार असतो, पाणी पितो. त्याच्या खाली चिकणमातीचा थर असतो, तो पाणी खाली जाऊ देत नाही. मग ते पाणी कड्याच्या पायथ्याला वाट काढतं, आणि आपण म्हणतो, इथे जिवंत झरा आहे.

पण गंजलेलं लोह पाण्यात विरघळत नाही. लोखंडी खिळा वर्षभर पाण्यात ठेवला तरी गंज तळाशीच बसतो. मग ते झऱ्यात उतरतं कसं? पावसाचं पाणी कुजलेल्या पानांतून मुरताना त्यातला प्राणवायू जीवाणू संपवून टाकतात. प्राणवायू संपला की काही जीवाणू श्वासासाठी गंजाकडे वळतात. आपण जसा प्राणवायू घेतो, तसं ते गंजातलं लोह वापरतात. त्यात त्या लोहाला एक इलेक्ट्रॉन जास्तीचा मिळतो आणि ते विरघळतं. विरघळलेलं हे फेरस लोह एवढ्या पातळ प्रमाणात डोळ्यांना दिसतच नाही. तुमच्या उजवीकडच्या बाटलीत ते आत्ता आहे.

आता जी गोष्ट मला वर्षानुवर्षं बघूनही पुरत नाही, ती सांगतो. या झऱ्याच्या अगदी तोंडाशी तांबडं काही नसतं. दोन-तीन फूट पाणी नितळ वाहतं, आणि मग एकदम रंग सुरू होतो. पाण्याला उघड्यावर आल्याबरोबर हवा मिळालेली असते, मग हा उशीर कसला? जमिनीतून येणाऱ्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, सोड्याच्या बाटलीसारखा. त्यामुळे पाणी किंचित आम्ल असतं, आणि आम्ल पाण्यात लोह सावकाश गंजतं. बाहेर आल्यावर वायू उडून जातो, आम्लपणा कमी होतो, म्हणजेच पाण्याचा सामू (pH) वाढतो. उदासीन पाण्याच्या आसपास सामू एका अंकाने वाढला की गंजण्याचा वेग शंभरपट होतो. दुप्पट-तिप्पट नाही, शंभरपट. म्हणून त्या दोन-तीन फुटांत पाणी जणू उंबरठा ओलांडतं. उन्हाळ्यात धार बारीक झाली की रंगाची रेघ तोंडाकडे सरकते, आणि पावसाळ्यात पाणी वाढलं की खाली जाते. मी त्या रेघेशी दगड मांडून ठेवायचो आणि महिन्या-महिन्याने मोजायचो.

या गाळावर पुष्कळदा तेलासारखा तवंग असतो, इंद्रधनुषी. गावकरी म्हणतात, वर कुणीतरी डिझेल सांडलंय. काडीने ढोसून बघा. तेल असेल तर फाटलेला तवंग परत जुळतो. हा लोहाचा पापुद्रा असेल तर काचेसारखे तुकडे होतात आणि ते सुटेच राहतात. नारिंगी गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरलात तर पिळलेल्या सुतळीसारखे धागे दिसतात. ते गॅलिओनेला नावाच्या जीवाणूचे. एरेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन १८३० च्या दशकातच केलं होतं. लोह गंजवून त्याला जी ऊर्जा मिळते ती फार तुटपुंजी असते, म्हणून स्वतःचा इवलासा देह वाढवायला त्याला ढीगभर लोह गंजवावं लागतं. गाळ लिबलिबीत लागतो तो या धाग्यांमुळे. ती घाण नव्हे, आणि हे मी गावोगाव सांगत आलोय.

आता काळा रंग. वाटेत एक डबकं आहे, आंब्याची आणि जांभळीची पानं साचलेलं. वरची तांबडी साय बाजूला करून बोट घाला, दोन बोटांच्या खोलीवर गाळ काळाकुट्ट आहे. तिथे हवा पोचत नाही. वेगळ्या जातीचे जीवाणू तिथे पाण्यातल्या सल्फेटवर श्वास घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात, सडक्या अंड्याचा वास येतो तो वायू. तो जागच्या जागी विरघळलेल्या लोहाला धरतो आणि काळं आयर्न सल्फाइड होतं. हाच गाळ पांढऱ्या फरशीवर पातळ पसरून रात्रभर ठेवा. सकाळी तो तपकिरी झालेला असतो. लोह तेच, हवा लागली एवढंच.

या काळ्या सल्फाइडला गंधक आणखी मिळालं आणि वेळ मिळाला की त्याचं पायराइट होतं, सोन्यासारखं चमकणारं. आपल्या रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या धातू-खनिजांच्या शास्त्रात, माक्षिक आणि विमल ही नावं अशाच चमकदार सल्फाइड खनिजांना आहेत. गाळातलं पायराइट मात्र नुसत्या डोळ्यांना सोनेरी दिसत नाही. ते इवल्या गोळ्यांच्या रूपात असतं, एकेका गोळीत शेकडो-हजारो स्फटिक दाटीने बसलेले, हुबेहूब तुतीच्या फळासारखे. आपला केस सत्तरएक मायक्रॉन जाड धरला, तर अशी गोळी सहसा पाच ते वीस मायक्रॉनची. पहिल्यांदा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात ती पाहिली तेव्हा मी कितीतरी वेळ दुसऱ्या चित्राकडे गेलोच नाही. पायराइटचा दगड दमट हवेत उघडा पडला की त्यावर पांढरट-हिरवट पूड फुलते. तो हिराकस, मघाच्या शाईतला.

समोर फौंड्रीवाले बसलेत, त्यांना लोखंड-गंधकाची जोडी मी काय सांगावी! क्युपोला भट्टीत कोकमधून गंधक धातूत शिरतं, आणि लोखंडाशी त्याचं सल्फाइड जमलं की तापल्यावर धातू ठिसूळ होतो. म्हणून तुम्ही मँगनीज घालता, म्हणजे गंधक त्याला बिलगतं. शिरोलीच्या भट्टीत तुम्ही जी जोडी फोडता, ती त्या डबक्यात नुसत्या गारव्यात जमते.

घाट उतरून कोकणात गेलात की उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याचे झरे, आहेत, राजापूर, तुरळ, उन्हवरे. उन्हवऱ्याचं पाणी तर ७० अंशांच्या आसपास असतं. तिथल्या गंधकाच्या वासाची कहाणी वेगळी आणि खोलवरची आहे, आज तिकडे जात नाही. मंगळाचं मात्र सांगायलाच हवं. २००४ साली नासाच्या ऑपर्च्युनिटी या यंत्रगाडीला तिथे जॅरोसाइट नावाचं खनिज सापडलं. ते लोहाचं सल्फेट, आणि आम्ल पाण्याशिवाय बनत नाही. म्हणजे तिथे कधीकाळी पाणी होतं. तेच खनिज कच्छमधल्या मातानोमढला मिळतं. एक पिवळसर पूड एवढी मोठी साक्ष देते.

आता आपल्या झऱ्याचं दुखणं. काही वर्षांपूर्वी “घाण पाणी” म्हणून त्याचं तोंड काँक्रीटने बांधलं, आत पाइप घातला आणि टाकीपर्यंत नेला. एका पावसाळ्यात पाइप त्याच लिबलिबीत गाळाने तुंबला. बायकांना पुन्हा पाणंदीने घागरी आणाव्या लागल्या. मला विचारलं ते सगळं बांधून झाल्यावर. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं, कारण उपाय स्वस्त होता.

लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह गेलं की चव आणि कपड्यांवरचे डाग जाणवू लागतात. ते काढायला झऱ्याचं तोंड बुजवायचं नसतं. पाणी खालच्या अंगाला पाच-सहा दगडी पायऱ्यांवरून पातळ पडू द्यायचं, म्हणजे वायू उडतो आणि हवा मिसळते. मग एका हौदात निवू द्यायचं आणि वाळूतून गाळायचं. जंतूंसाठी क्लोरीन त्यानंतर, ते चुकवायचं नाही. वाळूचा वरचा थर तांबडा झाला की खरवडून काढायचा. आता त्या गावात असं केलंय, आणि तोंडाशी पाणी पुन्हा मोकळं वाहतंय. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा एका घरी तो खरवडलेला गाळ सुपात वाळत घातला होता. विचारलं तर त्या बाई म्हणाल्या, “तुळशीकट्ट्याला लावायला. गेरू इकत कशाला आणायचा?”