तळ मे महिन्यात पाहावा, बुडी डिसेंबरात मारावी

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यात स्कूबा डायव्हिंग म्हटलं की लोक ग्रांदे बेटावर जातात, फार तर कर्नाटकात नेत्राणीला. पण हल्ली बरेच जण विचारतात, आपल्याकडे एवढी धरणं, तळी, नद्यांचे डोह आहेत, तिथं बुडी मारता येत नाही का? येते. मात्र जागा नीट शोधावी लागते, आणि शोधायचा महिना मे. मे महिन्यात पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं. तेव्हा जाऊन तळ कोरडा पाहून घ्यायचा. बुडी मारायची ती नंतर, डिसेंबर-जानेवारीत. तळ आधी कोरडा पाहा. आज हे मी दोनतीनदा म्हणणार आहे, कंटाळू नका.

आता कुर्डीची गोष्ट. ही सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही.

सांगे तालुक्यात साळावली नदीवर धरण बांधायचं ठरलं. गोवा मुक्त झाल्यावर आपले पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः कुर्डीत गेले आणि धरणाचं पाणी साऱ्या दक्षिण गोव्याला मिळेल, असं त्यांनी गावकऱ्यांना सांगितलं. सहाशेहून जास्त कुटुंबं उठली आणि वाडे, वालकिणी इथं जाऊन वसली. ऐंशीच्या दशकात गाव पाण्याखाली गेलं. गावातलं कदंबकालीन महादेवाचं देऊळ मात्र बुडू दिलं नाही. दगड न दगड सोडवून ते धरणाजवळ नेलं आणि पुन्हा उभं केलं. आजही तिथं पाहता येतं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर, 1904 सालचा जन्म, त्या याच गावच्या.

आणि हे गाव दरवर्षी वर येतं. अकरा महिने पाण्यात, मे महिन्यात उन्हात. जमिनीला भेगा पडलेल्या असतात. घरांची जोती दिसतात, शेतांच्या पाटांच्या खुणा दिसतात, फुटकी भांडी दिसतात. झाडांचे काळे पडलेले बुंधे जागच्या जागी उभे असतात. मूळ गावकरी तेव्हा परत येतात. सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, ख्रिस्ती मंडळी आपल्या कपेलाचं फेस्त करतात. आपलं घर कुठं होतं ते नातवंडांना बोटानं दाखवतात. (हल्ली तिथं ड्रोन उडवणाऱ्यांचीही गर्दी असते. उत्सव चालू असताना लोकांच्या डोक्यावर ते यंत्र भणभणत ठेवणं मला तरी बरं वाटत नाही, पण असो.)

आता हेच गाव पाणबुड्याच्या नजरेनं पाहा. तो बुंधा डिसेंबरात पाण्याखाली असणार, आणि त्याला एखादं तुटलेलं नायलॉनचं जाळं गुंडाळलेलं असणार. ते जाळं पाण्यात दिसत नाही, थेट सिलिंडरच्या झडपेत अडकतं. जोत्याच्या दोन भिंतींमध्ये बारीक गाळ साचलेला असतो. मे महिन्यात तो वाळून कडक दिसतो, पण पाण्याखाली त्याचा पुन्हा चिखल होतो आणि फिनचा, म्हणजे पायात घालायच्या वल्ह्याचा, एक फटका बसला की हातभर अंतरावरचंही दिसेनासं होतं. जुनी विहीर असेल तर ती तोंड उघडं टाकून बसलेली असते. हे सगळं कोरड्यात चालत फिरून अर्ध्या दिवसात कळतं. पाण्यात ते कळायची वेळ येते तेव्हा आपण अडकलेले असतो.

तर करायचं काय? मोबाइलवर प्रत्येक बुंध्याची, विहिरीची, भिंतीची जागा जीपीएसवर नोंदवा, फोटो काढा. काठच्या ओल्या गाळावर पाय देऊ नका, माणूस गुडघाभर रुततो. आणि त्या दिवशीची धरणाची पातळी लिहून ठेवा. पातळीची रोजची नोंद जलस्रोत खात्याकडे असते. साळावली भरलं की पातळी 41.15 मीटर होते. समजा मे महिन्यात पातळी 30 मीटर आहे आणि पाण्याच्या कडेला एक बुंधा उभा आहे. डिसेंबरात पातळी 40 झाली तर त्या बुंध्याचं बूड 10 मीटर खोल आहे. झाला तुमचा खोलीचा नकाशा तयार, एक पैसा न घालता. म्हणून म्हणतो, तळ आधी कोरडा पाहा.

साळावलीत उद्याच उडी मारा, असं मात्र मी सांगत नाही. ते पिण्याचं पाणी आहे. धरण कुठलंही असो, साळावली, सत्तरीतलं अंजुणे किंवा काणकोणचं चापोली, खात्याची लेखी परवानगी नसेल तर पाण्यात पाऊल टाकायचं नाही. अभयारण्यात वन खातंही आलं. आणि देवळाची तळी सोडून द्या. नेत्रावळीचं बुडबुड्यांचं तळं काठावरूनच पाहायचं.

पाणी किती स्वच्छ आहे ते घरच्या घरी मोजता येतं. 20 सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची चकती घ्या, चार भाग करून आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा, मधोमध वजन लावा आणि अर्ध्या अर्ध्या मीटरवर खुणा केलेला दोर बांधा. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान होडीच्या सावलीच्या बाजूनं चकती खाली सोडा. दिसेनाशी होते ती खोली पाहा, मग वर ओढताना पुन्हा दिसते ती पाहा. दोन्हींची सरासरी घ्या. दोन मीटरच्या आत आली तर घरी जा. आपली माती लाल, चिऱ्याची. पावसाळ्यातला गढूळपणा खाली बसायला नोव्हेंबर उजाडतो. उन्हाळ्यात शेवाळ वाढतं आणि खोल धरणाच्या तळाशी प्राणवायू संपतो. त्या पाण्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. असा वास आला की मागं फिरा.

धरणात सर्वात मोठा धोका कुठला, तर पाणी ओढून घेणारी दारं. 10 मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब असतो. एक फूट लांब, एक फूट रुंद भोक पलीकडं उघडं असेल, तर त्यावर पडलेल्या माणसाला सुमारे 900 किलोचा दाब चिकटवून धरतो. चार माणसांना ओढून तो सुटत नाही. दारं आणि पाणी उपसण्याचा मनोरा यांच्यापासून लांब राहा, आणि त्या दिवशी दारं बंद आहेत हे खात्याच्या माणसाकडून आधी विचारून घ्या.

खाणींबद्दल थोडक्यात. 2012 साली खाणी बंद पडल्यावर डिचोली भागातल्या खड्ड्यांत पाणी भरून राहिलं. रंग हिरवानिळा, दिसायला छान. पण कडा उभ्या असतात, माती ढासळते, बाहेर यायला पायरी नाही. चिरेखाणींचंही तेच. दोर बांधून उतरायची सोय होत नसेल तर जाऊ नका. (तळ्याकाठी पेव्हर घालून सुशोभीकरण करणाऱ्यांनी त्यातल्या निम्म्या पैशांत या खड्ड्यांना कुंपण घातलं असतं.)

नदीत उतरायचं तर भरतीचं पाणी येत नाही इतकं वर जा. खाली खारं पाणी जड, वर गोडं हलकं, आणि दोन्ही मिळतात तिथं सगळं धूसर दिसतं. शिवाय कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. दुर्भाटचे शेतकरी पौष अमावास्येला मातीची मगर करून पूजतात, ते उगाच नाही.

साहित्याचं थोडं. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलकं. माणूस आणि सामान मिळून 90 किलो असेल तर बुडण्यासाठी कमरेला बांधायचं शिसं सव्वादोन किलोनं कमी करा, नाही तर दगडासारखे खाली जाल. डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ दाखवणारं यंत्र, गोड्या पाण्यावर लावा. जास्त उंचीवरच्या पाण्याचे नियम 300 मीटरपासून लागतात, आपली धरणं त्याच्या खूप खाली आहेत. जाळं कापायला दोन हत्यारं हवीत, एक छातीशी, एक पायाशी, म्हणजे कुठलाही हात अडकला तरी दुसरा पोचतो. सिलिंडरमधल्या हवेचा दाब सुरुवातीला 200 बार असेल तर 130 बारला परत फिरा. काठावर एक माणूस दोर धरून बसलेला हवा, आणि दोर ओढण्याच्या खुणा पाण्यात जाण्याआधी ठरवून घ्या.

परत आल्यावर वेटसूट, फिन्स, बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) स्वच्छ पाण्यानं धुवा आणि पूर्ण वाळवा. जलपर्णीचा एक तुकडा फिनच्या पट्ट्यात अडकून दुसऱ्या तळ्यात गेला की ते तळं झाकायला त्याला फार वेळ लागत नाही.

नमस्कार.