श्वास, सोबती आणि जाणीव

एक माणूस डोळे मिटून गादीवर पडला आहे आणि नेहमीपेक्षा खोल, जलद श्वास घेत आहे. खोलीत मोठ्या आवाजात संगीत चालू आहे. उशाशी बसलेला सोबती प्रश्न विचारत नाही, अर्थही सांगत नाही. दोन-तीन तासांनी श्वास घेणारा उठतो, कागदावरच्या वर्तुळात रंग भरतो आणि मगच बोलू लागतो.

प्राग येथे १९३१ साली जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ स्टॅनिस्लाव्ह ग्रॉफ यांनी पत्नी क्रिस्टिना यांच्यासह कॅलिफोर्नियातील एसालेन संस्थेत ही होलोट्रॉपिक श्वसनाची पद्धत घडवली. त्यापूर्वी ते एलएसडी या भान बदलणाऱ्या रसायनाच्या साहाय्याने उपचार करीत असत. अब्राहम मॅस्लो आणि अँथनी सुटिच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या बरोबरीने त्यांनी ज्या शाखेचा पाया घातला, तिला ट्रान्सपर्सनल, म्हणजे 'मी'च्या पलीकडे जाणारे, मानसशास्त्र म्हणतात. तिचे नियतकालिक १९६९ मध्ये सुरू झाले.

या उपचारात जाणिवेत काय चालले आहे याबरोबरच ती जाणीवच तपासायला घेतली जाते. 'मी चिडलो आहे' असे म्हणणारा रुग्ण स्वतःच्या रागाकडे पाहू लागला, तर राग लगेच ओसरतो असे नाही, पण पाहणारा आणि राग यांच्यात थोडी जागा होते. आपण त्याला साक्षीभाव म्हणतो. उपचारकालाही हाच नियम लागू पडतो, कारण ज्याला स्वतःची भीती सोसवत नाही, तो समोरच्याचे रडणे घाईने थांबवतो.

साक्षीभावाशी असलेले हे साम्य योगायोगाचे नाही. बाळंतपणात अनावर कंप आणि विलक्षण अनुभव आलेल्या क्रिस्टिना यांना त्याचा उलगडा गणेशपुरीच्या स्वामी मुक्तानंदांच्या कुंडलिनीविचारात सापडला, आणि १९८२ मध्ये ट्रान्सपर्सनल विचारधारेची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली. क्रिस्टिना यांना अनुभवास आल्या तशा अवस्थांना ग्रॉफ दांपत्याने 'आध्यात्मिक आणीबाणी' म्हटले. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ च्या निदानपुस्तिकेत 'धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या' ही नोंद मनोविकारांपासून वेगळी ठेवली.

तरीही सावधपणा हवाच. जलद श्वासाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, हातापायांना मुंग्या येतात, भान बदलते. त्यामुळे त्या वेळी जे दिसले त्याला विश्वचैतन्याचा पुरावा मानणे मला घाईचे वाटते. शरीरावर आणि भानावर होणाऱ्या याच परिणामांमुळे सत्रापूर्वी हृदयविकार, अपस्मार, गर्भारपण आणि पूर्वीच्या गंभीर मानसिक आजाराची चौकशी होते, आणि त्यांपैकी काही आढळल्यास त्या व्यक्तीला गादीवर झोपू दिले जात नाही.