सणांचा अर्थ मुलांना कोण सांगणार?

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य, ज्येष्ठ मंडळी आणि मित्रहो,

पाडव्याच्या मेळाव्यात वसईच्या एका कॅथलिक बाईला तिच्या श्रद्धेविषयी आणि सणांविषयी बोलायला सांगितलेत, याबद्दल मी मंडळाची मनापासून आभारी आहे. पाडवा आणि ईस्टरआधीचा आमचा उपवासकाळ यांची गाठ बहुतेक वर्षी पडते. ईस्टरचा रविवार वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून ठरतो, आणि अधिक महिन्याने घोळ घातला नाही तर ती पौर्णिमा चैत्रातलीच असते. त्यामुळे तुमची गुढी उभी राहते तेव्हा आमच्या घरात अनेकदा उपवासकाळाची सुरुवात करणारा राखेचा बुधवार होऊन गेलेला असतो आणि ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार तोंडावर आलेला असतो. स्वयंपाकघराच्या दारामागच्या कालनिर्णयात हे सगळे एकत्रच असायचे आणि आमच्या शेजाऱ्यांना ते आमच्याइतकेच पाठ असायचे.

या विषयावर आज बोलावेसे वाटण्याला एक ताजे कारण आहे. शनिवारी इथे टोरांटोत सकाळ असते तेव्हा वसईत तिन्हीसांजेची रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू होते, आणि फोन समोर ठेवून आम्ही ती माझ्या आईबरोबर म्हणतो. यंदाच्या उपवासकाळातल्या एका शनिवारी माझी मुलगी गप्प बसून राहिली. नंतर कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, “त्या आजीच्या प्रार्थना आहेत, मम्मी. माझ्या इंग्रजीत आहेत.” तिच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, हट्टही नव्हता. आपली वही कोणती आणि ताईची कोणती हे सांगावे इतक्या सरळपणे तिने ते सांगितले.

त्यावरून आमच्या घरात मोठा वाद झाला. माझ्या यजमानांचे म्हणणे असे की, मुलगी प्रार्थना करते यातच सारे आले. इथे ओंटारियोत कॅथलिक शाळा सरकारी खर्चाने चालतात, धर्मशिक्षण शाळेतच मिळते, ते चांगले मिळते आणि इंग्रजीत मिळते. तिने येशूची ओळख ज्या भाषेत करून घेतली, त्याच भाषेत ती त्याच्याशी बोलणार. त्यांनी मला माझ्याच आजीची आठवण करून दिली. कॅथलिक धर्मगुरूंच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे 1960 च्या दशकापर्यंत, आमच्या गावच्या देवळातला, म्हणजे चर्चमधला, मिस्सा ही उपासना लॅटिनमध्येच होत असे. आजीने अर्धे आयुष्य न कळणाऱ्या भाषेत उपासना ऐकली. म्हणून तिची श्रद्धा उणी होती का, असे त्यांनी विचारले. संत गोन्सालो गार्सियाचे नावही त्यांनीच काढले. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला हा मुलगा जपानला गेला, तिथली भाषा शिकला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संन्यासी झाला आणि त्या भाषेच्या बळावर दुभाषा म्हणून पुन्हा जपानला परतला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर मारले गेले. 1862 मध्ये तो संत म्हणून घोषित झाला आणि आजही वसईत त्याचा सण होतो. परदेशी गेलेला हा वसईकर परक्या भाषेतच साक्ष देऊन गेला, मग आपल्या मुलीने काय वेगळे केले, असा त्यांचा प्रश्न होता.

मुद्दा बिनतोड आहे, आणि तरीही मला तो पटलेला नाही. आजी देवळात लॅटिन ऐकत असे हे खरे, पण घरी येऊन ती त्या दिवसाचा अर्थ आम्हाला आपल्या बोलीत सांगत असे. सण देवळात साजरा होई आणि घरात समजे. चारशे वर्षांपूर्वी गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूलाही हेच उमगले असावे. ते 1579 मध्ये गोव्यात आले आणि 1616 मध्ये त्यांचे ख्रिस्तपुराण राशोल येथे छापले गेले. उत्पत्तीपासून पुनरुत्थानापर्यंतची सारी कथा त्यांनी मराठी ओवीत सांगितली, कारण ऐकणाऱ्यांच्या कानाला ओवीची सवय होती. स्वतःची भाषा सोडून दुसऱ्याच्या भाषेत शिरण्याचे कष्ट त्या माणसाने घेतले. आपल्याला तर आपल्याच भाषेत राहायचे आहे, आणि तेवढ्यासाठीही आपल्याला वेळ मिळत नाही.

बायबलमध्ये निर्गमाच्या पुस्तकात वल्हांडणाची, म्हणजे गुलामीतून सुटकेच्या सणाची, आज्ञा आहे. कोकरू कसे निवडावे, रक्त दाराला कुठे लावावे, भाकर कोणती खावी, असे सगळे बारकावे सांगून झाल्यावर बाराव्या अध्यायात एक साधे वाक्य येते: या विधीचा अर्थ काय, असे तुमची मुले तुम्हाला विचारतील, तेव्हा त्यांना सांगा. पुढे ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात म्हटले आहे की, या गोष्टी घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांशी बोलत जा. इथे मंदिराचे नाव नाही, शाळेचेही नाही. हे काम आईबापांचे आहे आणि ते घरच्या बोलण्यातच होते.

म्हणून मी आता छोट्या गोष्टींपासून सुरुवात केली आहे. नाताळाआधीचा आगमनकाळ लागला की गव्हाणीसाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, नाचणी पेरायची, ही आमच्याकडची रीत तुमच्यापैकी वसई-मुंबईच्या मंडळींना ठाऊक आहे. इथे मी भारतीय दुकानातून नाचणी आणते, रात्रभर भिजवते आणि पसरट ताटलीत ओल्या कापसावर पसरते. बाहेर बर्फ असतो, पण हीटरजवळच्या खिडकीत तिला चटकन मोड येतात आणि नाताळापर्यंत बोटभर उंचीचे हिरवे शेत तयार होते. त्या शेतात मेंढपाळ उभे करताना मुलगी प्रश्न विचारते, आणि गंमत म्हणजे ते मराठीत विचारते, कारण मोड, पेर, कोंब हे शब्द तिला माझ्याकडूनच मिळालेले आहेत. झावळ्यांच्या रविवारी इथल्या चर्चमध्ये अरुंद पाती मिळतात. त्यांचा क्रूस दुमडायला माझ्या आईने मला शिकवले, तो मी तिला शिकवला. तो वर्षभर वेदीवरच्या तसबिरीमागे खोचलेला असतो. पुढच्या वर्षी तो वाळका क्रूस चर्चमध्ये परत द्यायचा, तो जाळून राख करतात आणि तीच राख बुधवारी कपाळावर लागते, हे समजले तेव्हा ती कितीतरी वेळ विचार करत बसली. मिरवणुकीत ज्या पातीने जयजयकार केला, तीच आपल्याला माती असल्याची आठवण देते. पुस्तकातल्या धड्यातून हे तिला असे कधी भिडले नसते, याची मला खात्री आहे.

आता मंडळाला थोडे प्रेमाने रागवते. आपल्या वार्षिक कार्यक्रमपत्रिकेत गणपती, दिवाळी, हळदीकुंकू, पाडवा आहेत आणि डिसेंबरात सांताक्लॉजच्या टोपीतली एक पार्टी आहे. मराठीतली नाताळची गीते आहेत, ती गाणारे गळे या सभागृहात आहेत, पण त्यांना कुणी गायला सांगितलेले नाही. “तुमची मराठी इतकी शुद्ध कशी?” असे आमच्या मुलांना कौतुकानेच विचारले जाते, पण त्या कौतुकाने मूल परके ठरते. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले. एका मराठी धर्मगुरूला तो मान मिळाला याचा आनंद आपण इथे साजरा केला होता, तो विसरू नये.

रागावणे आमच्या माणसांवरही आहे. आपण कॅथलिक, मंडळवाले मराठी, अशी वाटणी आपल्यातल्याच पुष्कळ घरांनी करून टाकली आहे. मुलांचे प्रथम ख्रिस्तप्रसादाचे समारंभ थाटात होतात, हॉल सजतो, पण त्या दिवशी यजमान घरातल्या कुणाच्या तोंडून मराठीत एक प्रार्थना निघत नाही. मुंबईच्या गावठाणांतला ईस्ट इंडियन कॅथलिक लोकांचा आगेरा हा सुगीचा सण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी येतो आणि कॅनडाचा थँक्सगिव्हिंग त्याच महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी. दोन्ही कृतज्ञतेचे, दोन्ही नव्या पिकाचे. भाताच्या लोंब्या इथे मिळणार नाहीत, पण नव्या तांदळाची खीर करून त्या दिवशी सगळ्या मराठी कुटुंबांना, मग ती कोणत्याही धर्माची असोत, एकत्र बसवायला काय हरकत आहे? वसईजवळच्या निर्मळच्या जत्रेत कार्तिक वद्य एकादशीला आम्ही हिंदू-ख्रिस्ती सगळे एकाच गर्दीत चालत होतो. ती सवय आपण विमानात बसताना मागे का ठेवली?

या साऱ्याने माझ्या मुलीच्या बोलण्याचे उत्तर मिळते असे मात्र मी म्हणणार नाही. पवित्र शास्त्रातही मला दोन आवाज ऐकू येतात. बाबेलच्या नद्यांकाठी बसलेले इस्राएली निर्वासित स्तोत्रात विचारतात की, परक्या देशात आम्ही परमेश्वराचे गीत कसे गावे. त्याच निर्वासितांना यिर्मया संदेष्टा पत्र लिहून सांगतो की, घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा आणि ज्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. पहिला आवाज माझा आहे, दुसरा माझ्या यजमानांचा, आणि दोन्ही देवाच्याच वचनात आहेत.

मला भीती वेगळीच वाटते. निर्गमाच्या त्या वाक्यात मुले विचारतील, हे गृहीत धरलेले आहे. माझी मुलगी अजून विचारते, निदान नाचणीला मोड आले की विचारते. पण आपल्यापैकी कित्येक घरांत मुले विचारेनाशी झाली आहेत, आणि ती घरे काही कमी श्रद्धाळू नाहीत. तिथले आईबाप मला विचारतात की, मुलाने काही विचारलेच नाही तर सांगायला सुरुवात कुठून करावी. मी त्यांना अजून काही सांगू शकलेले नाही. तुमच्यापैकी ज्यांनी गणपतीच्या आरतीबाबत, तुकोबांच्या अभंगाबाबत हाच पेच आपल्या घरात अनुभवला आहे, त्यांनी आज जेवणानंतर माझ्याजवळ येऊन बसावे आणि तुम्ही काय केलेत ते सांगावे, अशी माझी विनंती आहे.