तिशीत वैद्यकीच्या पहिल्या वर्षाला

श्रोतेहो, नमस्कार.

संशोधनात नाव झालेला माणूस उठून वैद्यकीच्या पहिल्या वर्षाला बसतो, तेव्हा त्याला सगळ्यात जड काय जातं? लोक म्हणतात वय, पाठांतर. मला वाटतं, जड जाते ती मुळापर्यंत जायची सवय. पुन्हा सांगते, मुळापर्यंत जायची सवय.

अल्बर्ट श्वाइत्झर यांचंच बघा ना. 1905 साल, वय तीस. स्ट्रासबर्ग तेव्हा जर्मनीत होतं. तिथल्या विद्यापीठात ते ईश्वरविद्या शिकवत होते. तत्त्वज्ञ कांटवर डॉक्टरेट झालेली, संगीतकार बाखवरचा ग्रंथ आलेला. आता त्यांना डॉक्टर होऊन आफ्रिकेत जायचं होतं. ऑक्टोबर संपता संपता ते वैद्यकशाखेत नाव घालायला गेले, तर अधिष्ठात्यांना वाटलं, यांना आधी मानसोपचाराच्या प्राध्यापकांकडेच पाठवावं!

त्यात नियम आडवा आला. जो विद्यापीठात शिकवतो, त्याला तिथेच विद्यार्थी होता येत नाही. आणि पाहुणा म्हणून तासांना बसलं, तर परीक्षा देता येत नाही. शेवटी वरिष्ठांनी वाट काढली: प्राध्यापकांनी हजेरीचा दाखला द्यावा, त्यावर परीक्षेला बसू द्यावं. प्राध्यापकांनी तर, हा आपलाच सहकारी म्हणून, फीसुद्धा घेतली नाही. अशी वाट काढणारी माणसं प्रत्येक विद्यापीठात हवीत. आपल्याकडे 'नीट'ची कमाल वयाची अट 2022 मध्ये निघाली. फार आधी निघायला हवी होती.

आता मला सांगायचाय तो किस्सा. शरीररचना, शरीरक्रिया, शिवाय रसायन, भौतिक, वनस्पती, प्राणी असे सगळे विषय. श्वाइत्झर हरखून गेले. इतिहास-तत्त्वज्ञानात वाद संपत नाहीत, इथे सिद्ध करून दाखवता येणारं सत्य होतं! त्यांनी ठरवलं, परीक्षेपुरतं वाचायचं नाही, शुद्ध विज्ञान शिकायचं. शिकवणं चालू, प्रवचनं चालू, लेखन चालू, आणि रात्री हा अभ्यास. 1908 च्या मे महिन्यात पहिली मोठी परीक्षा. ती तोंडावर आली, तरी हे आपले मुळापर्यंत जातच होते.

बरोबरची मुलं वयानं कितीतरी लहान. ती मागे लागली. अहो सर, असं करून पास व्हायचं नाही! मुलांचा एक घोकणारा गट होता. कोणते प्राध्यापक काय विचारतात आणि त्यांना कोणतं उत्तर ऐकायला आवडतं, याच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेल्या. शेवटच्या काही आठवड्यांत श्वाइत्झर त्या गटात जाऊन बसले. ग्रंथ लिहिणारा माणूस पोरांकडून आयएमपी प्रश्न घेतोय! थकव्यानं जीव अर्धा झाला होता, तरी परीक्षा वाटलं होतं त्याहून बरी गेली. मुलांचं ऐकलं म्हणून गेली. ऐकताय ना? मुलांचं ऐकलं म्हणून.

शेवटच्या परीक्षेची फी त्यांनी कशी भरली, तर म्युनिकच्या संगीत महोत्सवात ऑर्गन वाजवून मिळालेल्या मानधनातून. इथे मला सांगायलाच हवं, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याच्या हातात मानधन त्याच दिवशी पडलं पाहिजे. शाल-श्रीफळावर कोणाची फी भरली जात नाही.

डिसेंबर 1911 मध्ये शस्त्रक्रियेची परीक्षा संपली. इस्पितळातलं वर्षभराचं काम आणि प्रबंध अजून राहिला होता. त्यांनी विषय कोणता घ्यावा? येशूला मनोरुग्ण ठरवणारे काही डॉक्टरांचे लेख तेव्हा प्रसिद्ध झाले होते, त्यांची तपासणी! एकेक निदान घेतलं, मूळ साधनं काढली आणि ते टिकत नाही हे दाखवून दिलं. इथे घोकणारा गट उपयोगाचा नव्हता. जुना संशोधकच लागत होता. 1913 मध्ये ते काम पुरं झालं आणि त्याच वर्षी श्वाइत्झर पती-पत्नी आफ्रिकेतल्या लाम्बारेनेला निघाले. हेलेनबाईंनी मधल्या काळात नर्सचं शिक्षण घेतलं होतं.