परवाना नाकारलेला माणूस: पीटर वर्स्ली

मंडळी, सुरुवात शेंगदाण्यापासून करतो. हसू नका. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ पीटर वर्स्लींकडे जायची वाट खरंच भुईमुगाच्या शेतातून जाते.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटनमध्ये खाद्यतेलाची ओरड होती. रेशन चालू होतं. सरकारनं ठरवलं, आफ्रिकेत टांगानिकामध्ये, म्हणजे आजच्या टांझानियात, लाखो एकरांवर भुईमूग लावायचा. कामाला सुरुवात झाली 1947 मध्ये. युद्धातले उरलेसुरले शेर्मन रणगाडे कापून-जोडून त्यांचे ट्रॅक्टर केले. पण जिथे लागवड केली त्या कोंग्वाची माती चिकण. पावसाळा सरला की ती सिमेंटसारखी घट्ट व्हायची आणि शेंगा जमिनीतच अडकून राहायच्या. आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्यानं मूठभर माती हातात घेऊन सांगितलं असतं की बाबा, इथे भुईमूग नको. लंडनमधल्या साहेबांनी कोणाला विचारलंच नाही. 1951 मध्ये गाशा गुंडाळला, तोवर साडेतीन कोटी पौंडांच्या वर पैसा मातीत गेला होता.

या योजनेत लोकशिक्षणाचं काम करायला जो तरुण गेला होता तो वर्स्ली. जन्म 1924 चा, लिव्हरपूलच्या पलीकडच्या काठावरच्या बर्कनहेडचा. केंब्रिजला गेला इंग्रजी साहित्य शिकायला, तिथे कम्युनिस्ट झाला. मध्येच युद्ध आलं आणि लष्करी अधिकारी म्हणून आफ्रिका पाहिली, हिंदुस्थानही पाहिला. परतल्यावर साहित्य सुटलं आणि मानववंशशास्त्र धरलं. पुढे मँचेस्टरला मॅक्स ग्लुकमन हे गुरू भेटले. ग्लुकमन मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, आणि समाजातली भांडणं नीट पाहिली की समाज कळतो असं मानणारे.

इथून दारं बंद व्हायला लागली. वर्स्लींना मध्य आफ्रिकेत संशोधनाला जायचं होतं. डाव्या विचारांमुळे ते जमलं नाही. मग ऑस्ट्रेलियाला कॅनबेराच्या विद्यापीठात गेले. तिथून न्यू गिनीच्या डोंगराळ भागात जायचं ठरलं. न्यू गिनी तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात होतं. 1952 मध्ये सरकारनं प्रवेशाचा परवाना नाकारला. पार्लमेंटात आणि वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला, पण परवाना मिळाला नाही तो नाहीच. शेवटी ते कार्पेंटेरियाच्या आखातातल्या ग्रूट आयलंड या बेटावर आदिवासींमध्ये राहिले आणि त्यावर डॉक्टरेट घेतली.

आता गंमत बघा. ज्या मेलानेशियात, म्हणजे न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवर, सरकारनं पाऊल ठेवू दिलं नाही, त्याच मेलानेशियावर या माणसानं 1957 मध्ये आपलं सर्वांत गाजलेलं पुस्तक लिहिलं. ग्रंथालयात बसून, मिशनऱ्यांचे वृत्तांत आणि सरकारी अहवाल वाचून. विषय होता कार्गो पंथ. कार्गो म्हणजे बोटीतून येणारा माल.

हे पंथ म्हणजे काय? 1919 च्या सुमारास न्यू गिनीतल्या पापुआच्या आखाताकाठी लोकांनी एकाएकी जुन्या विधींची साधनं, मुखवटे जाळायला सुरुवात केली. गावागावात टेबलं मांडली, त्यावर बाटल्यांत फुलं खोचून ठेवली. गोऱ्यांच्या घरात असतात तशी. झेंड्याचा खांब उभारला आणि त्यातून पूर्वजांचे निरोप येतात म्हणू लागले. पूर्वज आगबोटीतून येणार होते, माल घेऊन. सरकारी दफ्तरात याची नोंद झाली, तिथल्या वैलाला या जागेवरून, ‘वैलाला वेड’ अशी.

वर्स्ली म्हणतात, वेड कसलं? त्या माणसाच्या जागी उभे राहून बघा. गोरा साहेब बागायतीवर हाताला माती लावत नाही. कारखाना कुणी पाहिलेला नाही. साहेब एका कागदावर काहीतरी खरडतो, कागद बोटीनं जातो आणि काही महिन्यांनी तांदूळ, कुऱ्हाडी, कापड येऊन पडतं. मग हा माल बनवतो कोण? आणि आमच्या वाट्याला का येत नाही? प्रश्न अगदी चोख होता. उत्तर त्यांना ठाऊक असलेल्या सामग्रीतून आलं, म्हणजे पूर्वज आणि मंत्र यांतून. वर्स्लींचा पुढचा मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो. ज्या टोळ्यांना राजा नव्हता, एक भाषा नव्हती, ज्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर होतं, त्यांना या पंथांनी पहिल्यांदा एकत्र आणलं. त्यात त्यांना राष्ट्रवादाची पहिली चाहूल दिसली. कधीकधी ते ही चाहूल जरा जास्तच ऐकतात असं मला वाटतं. सगळेच पंथ काही पुढे राजकारणाकडे वळले नाहीत. आपल्या मुंबईत राहून मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन फुक्स यांनी भारतातल्या अशाच चळवळींचा धांडोळा घेतला, तो या जोडीनं वाचावा.

ग्लुकमननी त्यांना स्पष्ट सांगितलं, मानववंशशास्त्रात तुला नोकरी मिळायची नाही, समाजशास्त्राकडे वळ. तसे ते हल विद्यापीठात गेले. 1956 मध्ये रशियन रणगाडे हंगेरीत घुसले तेव्हा कम्युनिस्ट पक्ष सोडला आणि इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांच्या बरोबरीनं नव्या डाव्या विचारांच्या उभारणीत पडले. 1964 मध्ये मँचेस्टरला समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांचं तिसऱ्या जगावरचं पुस्तक आलं. हा शब्द मुळात फ्रान्सच्या आल्फ्रेड सोवी यांचा, 1952 चा. इंग्रजीत तो रुळवला वर्स्लींनी. इंडोनेशियातल्या बांडुंगला परिषदेसाठी जमलेले नेहरू, सुकार्णो, नासेर यांचं, म्हणजे अमेरिका आणि रशिया दोन्हींच्या गटांबाहेरचं जग त्यांना त्यात मांडायचं होतं. आज ‘तिसरं जग’ म्हटलं की खड्डे आणि गलिच्छपणा आठवतो. तेव्हा तो शब्द ताठ मानेनं उच्चारला जायचा.

विद्यार्थ्यांसाठी त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेलं पाठ्यपुस्तक लाखोंनी खपलं. त्याबद्दल फार बोलत नाही, पाठ्यपुस्तकासारखं पाठ्यपुस्तक आहे.

2013 मध्ये ते गेले. निवृत्तीनंतर, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी ज्ञानाच्या निरनिराळ्या रूपांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याच्या नावात त्यांनी ज्ञान या शब्दाचं अनेकवचन वापरलं. आणि त्याची सुरुवात होते ग्रूट आयलंडवरून, तिथली माणसं झाडांना, माशांना, पक्ष्यांना काय काय नावं देतात आणि त्यांची वर्गवारी कशी लावतात, इथून. म्हणजे परवाना न मिळाल्यामुळे जिथे जावं लागलं होतं, तिथून.