हात दाखवा, टेम्पो थांबवा: मनोरी ते उत्तन

(मार्वे जेट्टी. भर दुपार.)

मालाडहून मार्वेची बस धरली की शेवटच्या स्टॉपपाशी रस्ता संपतो आणि खाडी लागते. पलीकडे दिसतंय ते मनोरी. बोटीनं पाच-दहा मिनिटांवर. रस्त्यानं जायचं म्हटलं तर दहिसर, भाईंदर, उत्तन असा वळसा. आणि हद्द मात्र मुंबई महापालिकेचीच!

बोटीत माणसं, स्कूटर, सायकली, सगळं एकत्र. मासळी विकून परत निघालेल्या एक मावशी रिकामी पाटी पायाशी घेऊन बसल्यात. भरती कधी, असं विचारलं तर मोबाइल काढायच्या आधीच त्यांनी सांगितलं, "आज अष्टमी ना? तिथीची पाऊणपट कर." आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सहाच्या सुमारास, आणि आत्ता बाराला ओहोटी. हिशोब ढोबळ आहे, पण इथे चालतो.

(खाडीकाठचा चिखल. कॅमेरा अगदी खाली.)

ओहोटीची वेळ आमच्या पथ्यावरच पडली. तिवरांच्या मुळांशी चिखल हलतोय, त्या निवट्या. मासाच आहे, पण पुढच्या परांवर रेटा देत चिखलावरून सरकतो. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवतो, ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. डोळे डोक्याच्या पार टोकाला. एक डोळा आत ओढून, ओला करून पुन्हा बाहेर काढतो, बघा. बाजूला खेकड्याचा नर एकच भलीमोठी नांगी वरखाली करतोय. ती खायच्या कामाची नाही. मादीला बोलवायला आणि शेजाऱ्याला दटावायला.

(मनोरी-गोराई रस्ता.)

इथून पुढे आमचा प्रवास हात करून. पहिला थांबला बर्फाचा टेम्पो. "मागे बसा, लाद्यांना टेकू नका." मागे आधीच दोघं होते, पंक्चर झालेल्या सायकलीसकट. डोंबिवलीची जोडी. गळ्यात दुर्बीण. त्यांना कोल्हा बघायचा होता. मुंबईच्या कांदळवनात कोल्हे आहेत, खेकड्यांवरही ताव मारतात, हे बऱ्याच मुंबईकरांच्या गावीही नसतं. गाडीच्या काचा वर करून थेट रिसॉर्ट गाठणाऱ्यांना तर निवटीही दिसत नाही, कोल्हा लांबच.

गोराईत टेम्पो उतरवून गेला. मागे पॅगोड्याचा सोनेरी कळस, पुढे चौकात दगडी क्रूस. पुढची लिफ्ट एका ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातल्या, काकांच्या जुन्या जीपमधून, गप्पांसकट. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, तेव्हा घरोघरी सुकी मासळीच, हे त्यांनी सांगितलं आणि उत्तनला बोंबलांच्या मांडवाशी जीप थांबवली.

(बांबूवर वाळणारे बोंबील.)

नीट बघा. दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवलेत आणि जोडी बांबूवर टांगलीय. दोरा नाही, खिळा नाही. वास? तो व्हिडिओत येत नाही, एवढंच तुमचं नशीब.

डोंबिवलीकर संध्याकाळी पुन्हा भेटले, पंक्चर काढून. कोल्हा काही दिसला नव्हता. चहाच्या टपरीवरच्या आजी हसल्या.

"कोल्हा? त्याला बघायला एवढ्या लांबून आलात? रात्री इथेच थांबा. आमच्या खुराड्याशी रोज असतो मेला."

दोघांनी सायकली तिथेच लावल्या आणि आणखी एक-एक कटिंग सांगितला.