कशाचं थँक्यू?

मंडळी, नमस्कार. मला मंडळात कायम आभारप्रदर्शनच मिळतं, म्हणजे मी माईक घेतला की खुर्च्या सरकतात आणि निम्मा हॉल चहाकडे. आज भाषण दिलंय, तेव्हा बसावं लागेल.

गेल्या आठवड्यात घरी वाजलं. धाकटीने ताट पुढे ढकललं, नको म्हणाली. माझी रेकॉर्ड लगेच सुरू, जगात कितीतरी मुलं उपाशी झोपतात, तुला मिळतंय तर देवाला थँक्यू म्हण. तिने हात जोडले, डोळे मिटले, मग एक डोळा उघडून विचारलं, "मग त्या मुलांनी कशाचं थँक्यू म्हणायचं?"

मी म्हटलं, जेव आधी. दुसरं काय सुचणार!

रात्री बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायातला परुशी आठवला, धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी. तोही मंदिरात उभा राहून देवाचे आभारच मानतो की, मी इतरांसारखा नाही, त्या पापी समजल्या जाणाऱ्या जकातदारासारखा तर नाहीच. संडे स्कूलमध्ये किती हसलो होतो त्याला. आणि मी पोरीला अगदी तीच प्रार्थना शिकवत होते, फक्त जकातदाराच्या जागी उपाशी मुलं.

त्याच्या आधीच्याच अध्यायात ते दहा कुष्ठरोगी. येशूने सांगितलं, जा, स्वतःला याजकांना दाखवा, आणि वाटेतच ते बरे झाले. नऊजण पुढे गेले, ते सांगितलेलंच करत होते हो! आभार मानायला परत फिरला तो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका, त्याला कुणी मागून कोपराने ढोसलं नव्हतं, "म्हण थँक्यू, म्हण की" करून. आपण मात्र पाहुण्यांसमोर मुलांना ढोसतो, कारण नाही म्हटलं तर लाज आपली जाते, आणि मग ती सांगितल्यावर बरोब्बर थँक्यू म्हणणारी नऊजणं तयार होतात.

आपली तरी उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणं, कशाची असते? बढती, घर, व्हिसा. प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात सर्व स्थितीत उपकारस्तुती करा म्हणतो तेव्हा त्यांचा छळ चालला होता, बढत्या नव्हे. आणि "स्थितीत" म्हणतो, "स्थितीबद्दल" नाही, हे मला इतकी वर्षं चर्चला जाऊन आत्ता कुठे दिसलं.

परवापासून मी ते उपाशी मुलांचं वाक्य गाळलंय. तिने मात्र धरून ठेवलंय. काल स्वतःहूनच म्हणाली, "देवा, थँक्यू. आणि त्यांना कधी देणार?"

मी आमेन म्हटलं, पण जरा उशिराने.